मोठ्या सौद्याआधीची टकटक

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. देवासमोर हात जोडून सांगते.

गाव कीलुंग. गोदीमागचा शेअर दलालाचा हॉल. आणि वेळ भरदुपारची.

माझे बाबा, शू याओ-थिंग, निवृत्त झाल्यापासून रोज तिथे बसायचे. स्वतः खरेदी क्वचितच. नाद एकच... मोठे सौदे टिपायचे. कुणी बड्याने एका फटक्यात ढीगभर शेअर उचलले आणि बोर्डावर आकडा झळकला, की ते अंगठीने खुर्चीच्या दांडीवर वाजवायचे.

टक... टक.

सगळे म्हातारे माना वर करायचे.

त्याच खुर्चीत ते गेले. बोर्डाकडे बघता बघता.

पण 'गेले' असं डॉक्टरांनी सांगितलं ते इस्पितळात. म्हणून त्यांच्या जिवाला हाका आम्ही तिथून मारल्या. आमची रीतच आहे ती. घरापर्यंत प्रत्येक वळणावर सांगत यायचं, "बाबा, पूल आला. मागोमाग या."

मग आई रोज फोटोपुढे भात ठेवून दोन नाण्यांचा कौल लावायची. जेवलात का? एक छापा, एक काटा पडला तर हो.

एकदाही पडला नाही.

भात सुकायचा. आईही सुकत चालली. तिचं मागणं केवढं? माणसाने घरी यावं, दोन घास खावेत.

एकदा बाबांचं खातं बंद करायला मी हॉलवर गेले. बसायला जागा नव्हती. तरी त्यांची खुर्ची रिकामी...

आणि ऐकू आलं.

टक... टक.

सगळ्या माना वर गेल्या. बोर्डावर काहीच नव्हतं.

मग... मोठा सौदा झळकला.

शेजारच्या खुर्चीतल्या फांगकाकांना विचारलं. ते बराच वेळ शेंगदाणे सोलत राहिले.

"पोरी, रागावू नकोस," शेवटी म्हणाले. "जिवंतपणी तुझा बाप सौदा होऊन गेल्यावर सांगायचा. आत्ता कुठे कामाला आलाय."

कुणी हसलं नाही. त्या टकटकीवर सगळेच खरेदी करत होते. म्हणून तर घरी कुणी कळवलं नव्हतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाबांचा श्वास सुटला इथे, आणि आम्ही हाका मारल्या तिकडे. जीव गुंतला तिथेच घुटमळायचा ना!

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेले. बाबांच्या हयातीत ती त्या हॉलची पायरी चढली नव्हती. बाजार बंद झाला, बोर्ड विझला. उदबत्ती लावून, कौलाची नाणी हातात घेऊन ती खुर्चीपुढे बसली.

"घरी चला."

नाही.

"माशाचं सूप केलंय. आलं जास्त घातलंय, तुम्हाला आवडतं तसं."

नाही.

"माझं काही चुकलं का हो?"

नाही.

फांगकाका डोळे पुसत भिंतीकडे वळले. आईने नाणी तळहातावर घासली. मग अगदी हळू...

"इथेच बरं वाटतं का?"

एक छापा. एक काटा.

आईने नाणी उचलली. "बरं," म्हणाली. "मग डबा इथेच आणत जाईन."

तशी ती आणायचीही. पण पुढे म्हातारेही फोनवरच सौदे करायला लागले, आणि दलालाने हॉल बंद केला. खुर्च्या टेम्पोत घालून कुठे नेल्या, कुणाला ठाऊक नाही.

आई अजून त्या शटरपुढे डबा घेऊन उभी राहते. काल मला म्हणाली, "नाण्यांना हो-नाही एवढंच सांगता येतं गं. कुठे आहात, हे कसं विचारू?"