कौलांखालची थपथप

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मावसभावाच्या घरात घडलंय. त्याच्या तोंडून ऐकलंय, आणि शेवटचं मी स्वतः अनुभवलंय.

गाव तळेघर, भीमाशंकरच्या अलीकडचं. साल १९९७. आषाढाचे दिवस.

आणि एक आधीच सांगून ठेवतो. यात रात्र नाही. अमावस्या नाही, पिंपळ नाही, पांढऱ्या साडीतली बाई नाही. रात्रीचे भास काय, कुणालाही होतात हो. हे सगळं भर दुपारी झालं, माणसं ताटावर बसलेली असताना.

म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

माझा मावसभाऊ सुनील. मुंबईपासून लांब, भर समुद्रात तेल काढायचे लोखंडी फलाट उभे असतात. तिथं तो एका ठेकेदाराकडे गंज खरवडून रंग मारायचं काम करायचा. पंधरा दिवस समुद्रात, पंधरा दिवस घरी. जाणं-येणं हेलिकॉप्टरनं. गावात त्याचा केवढा तोरा! तळेघरला एसटी वेळेवर येत नाही आणि आमचा सुनील हेलिकॉप्टरनं कामाला जातो, असं लोक पावण्यांना सांगायचे.

त्याची बायको साधना. तिचं माहेर गावातच, ओढ्यापलीकडे. साधनाला एकच भाऊ, सोपान. बाप लवकर गेलेला. आई झुंबरबाईनं हिरडा गोळा करून आणि भाताची चार खाचरं राखून त्याला वाढवलं. मिसरूड फुटलं तसा तो सुनीलच्या मागं लागला.

"दाजी, मलाबी न्या की."

ठेकेदारानं एकच विचारलं, पोरगा पोहतो का?

पोहत नव्हता. मग सुनीलनं त्याला उन्हाळाभर गावाखालच्या विहिरीत शिकवलं. आपल्याकडे सगळे शिकतात तसंच. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि द्यायचं ढकलून. सोपान मुळात भित्रा. डबा नसला की काठावरच थरथरायचा. सुनील रोज ओरडायचा, "आधी डबा! डबा बांधल्याबिगर पान्यात पाय घालायचा न्हाई!"

हा धडा सोपानच्या हाडीमाशी खिळला.

त्याच धड्यानं त्याचा घात केला.

हेलिकॉप्टरमध्ये बसायच्या आधी सगळ्यांना एक फिल्म दाखवतात. अंगात रबरी जाकीट चढवलेलं असतं, दोरी ओढली की फस्सकन फुगणारं. फिल्ममध्ये बजावून सांगतात, काही झालं तरी आत असताना दोरी ओढायची नाही. आधी खिडकीची चौकट धरायची, मग पट्टा सोडायचा, बाहेर निघायचं आणि मगच जाकीट फुगवायचं. कारण आत पाणी भरलं की फुगलेलं जाकीट माणसाला उचलून वर चिकटवतं. मग बुडी मारून खिडकीशी येताच येत नाही.

फिल्म हिंदी-इंग्रजीत होती. सोपाननं मान डोलावली. सुनीलनं त्याला मराठीत समजावलं. त्यानं परत मान डोलावली.

पण जिवावर बेतलं की माणसाला फिल्म आठवते का विहीर?

मे महिना संपत आला होता. सोपानची पहिलीच खेप. हेलिकॉप्टर पाण्यावर आदळलं आणि कलंडलं. सुनीलनं एका हातानं चौकट धरली, दुसऱ्या हातानं पट्टा सोडला. शेजारी सोपानच्या गुडघ्याला पाणी लागलं आणि...

त्यानं दोरी ओढली.

आधी डबा, मग पाणी.

सुनील बाहेर पडला तोवर हेलिकॉप्टर उलटं होऊन, पोट वर करून तरंगत होतं. तो त्या पोटावर चढला. तळहात टेकला, तर हाताखाली काहीतरी लागलं...

थप... थप...

आतून.

सोपान पत्र्याच्या पलीकडे होता. सुनीलनं वरून हात मारला. तीनदा. थांबून परत तीनदा. बाहेर ये बाबा, खाली बुडी मार आणि बाहेर ये. आतून थप यायची, वरून तीन ठोके जायचे. असं किती वेळ चाललं देव जाणे. मदतीला आलेल्या बोटवाल्यांनी सुनीलला ओढून घेतलं, तेव्हाही आतली थपथप चालूच होती.

मग हेलिकॉप्टर तळाला गेलं. सोपान सापडलाच नाही.

गावात सुनीलला कुणी बोल लावला नाही. झुंबरबाईनंही नाही. हे फार वाईट असतं. चार शिव्या बसल्या की माणूस रडून तरी मोकळा होतो.

घरी आला त्या दुपारी तो जेवायला बसला. साधनानं नाचणीची भाकरी वाढली. पहिला घास तोंडात गेला आणि...

थप.

त्यानं वर पाहिलं. आढं, वासे, कौलं. बाकी काही नाही.

"मांजर आसंल," साधना म्हणाली.

थप... थप...

आणि मधेच रबराची करकर. फुग्यावरून बोट ओढल्यावर येते ना, तशी.

आवाज कौलांवर नव्हता. कौलांच्या आतल्या बाजूनं येत होता. सुनीलच्या बरोबर डोक्यावर. तो उठून चुलीपाशी गेला. आवाज चुलीवर आला. तो पडवीत गेला. आवाज पडवीत.

तो अंगणात गेला.

आवाज बंद.

त्या दिवसापासून सुनील घरात टिकेना. जेवण अंगणात, झोप खळ्यात. साधनानं भगत आणला. भगत म्हणाला, "वारं हाय," आणि कोंबडा घेऊन गेला. वारं आहे एवढं आम्हालाही कळत होतं, त्याला कोंबडा कशाला पाहिजे होता?

पुढं पावसानं जोर धरला. तळेघरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. आठ-आठ दिवस समोरचा डोंगर दिसत नाही. सुनील इरलं पांघरून खळ्यात बसायचा. व्हायचं तेच झालं, तापानं फणफणला. साधनानं धरून, ओढून त्याला आत आणलं.

उंबरा ओलांडला...

थप.

आता तो पळाला नाही. अंगात त्राणच नव्हतं. पडल्या पडल्या वर बघत राहिला आणि एकच घोकत राहिला, "पोरगं वर अडाकलंय गं. त्येला काढाया पायजे."

हे झुंबरबाईच्या कानावर गेलं. ती ओढा तुडवत भिजत आली. सुनीलच्या उशाशी बसली. वर तोंड केलं.

"सोपाना?"

थप.

"माझ्या लेकरा..." म्हातारीला हुंदका आवरेना.

तेव्हापासून ती रोज दुपारी यायची. कौलांकडे बघून बोलायची. खालच्या खाचरात भाताची आवणी झाली, गाय व्यायली, तुझी चादर धुऊन ठेवलीय. वरून थप आली की तिचा चेहरा उजळायचा. पण सुनील घरात असला तरच आवाज यायचा. तो जरा उठला की म्हातारी हात जोडायची.

"जावई, बसा की वाईच. तुमी उठला की जातो त्यो."

आणि सुनील बसायचा. तिच्या पोटचा गोळा गेला होता, तिला नाही कसं म्हणणार? ती हसून बोलत असायची आणि हा शेजारी घामानं भिजलेला. कारण त्याला माहीत होतं, ती थप म्हणजे बोलणं नव्हे. ती त्यानं आधी ऐकली होती.

शेवटी एका दुपारी तो म्हणाला, "मामी, त्यो तुमच्याशी बोलत न्हाई. त्येला भाईर पडायचंय. मी कौलं काढतो."

"नगं," म्हातारी म्हणाली. "एवढाच तर ऱ्हायलाय माझ्याजवळ."

"मामी, त्येचा दम कोंडलाय."

झुंबरबाई आढ्याकडे बघत राहिली. वरची करकर ऐकत. मग पदरानं तोंड झाकून म्हणाली, "काढा."

भर पावसात, तापल्या अंगानं सुनील छपरावर चढला. आता तो घराबाहेर होता, तरी हात टेकला तर खाली तेच. थप... थप... त्यानं एकेक कौल काढून पडवीवर ठेवायला सुरुवात केली. आत पाण्याची धार लागली, चूल विझली. म्हातारी त्या धारेखाली उभी राहून वर बघत होती. माणूस निघेल एवढं भोक झालं आणि...

सुनीलच्या गालाला काहीतरी घासून गेलं.

गार. रबराचं.

त्याला समुद्राचा वास आला. खारट आणि तेलकट. सह्याद्रीच्या माथ्यावर, तळेघरात.

मग नुसता पाऊस.

"गेला," झुंबरबाई म्हणाली आणि त्या चिखलातच खाली बसली.

त्याच संध्याकाळी कौलं परत बसवली. दुसऱ्या दिवशी आवाज नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सुनीलचा ताप उतरला. तो घरात झोपला, घरात जेवला. मुंबईला परत जायचं नाही, भात करायचा, असं साधनाला म्हणाला. ती माउली देवापुढं साखर ठेवून आली. जे समुद्रात जमलं नाही ते इथं जमलं, पोराला बाहेर काढलं, असं त्याला वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी तिघं जेवायला बसली होती. झुंबरबाईलाही आग्रहानं बसवलं होतं.

थप. थप. थप.

सगळ्यांचे हात ताटात थांबले.

आवाज वरूनच होता. पण आता आतून नव्हता... कौलांच्या बाहेरून येत होता.

थप. थप. थप.

झुंबरबाई उठलीच. "आला गं! भूक लागली आसंल. साधने, दार उघड, घरात घे त्येला!"

साधना दार धरून उभी राहिली. तिला उघडवेना आणि लावूनही घेववेना.

सुनीलचा चेहरा पांढराफटक पडला होता. तीन ठोके, थांबून परत तीन. हे ठोके त्याचे होते. उलट्या हेलिकॉप्टरवर पालथं पडून त्यानंच मारलेले. गावात त्यानं हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

"मामी," तो म्हणाला, "त्यो आत येतो म्हनत न्हाई. मला भाईर ये म्हनतोय."

त्यानं उठायचा प्रयत्न केला.

उठता येईना.

"अवो, उठा!" साधनानं दंडाला धरून ओढलं. म्हातारीनं दुसरा दंड धरला. दोघी बायका भाताची पोती उचलणाऱ्या, पण तो पाटावरून हलला नाही. कमरेपाशी चाचपत राहिला, नसलेला पट्टा सोडवत राहिला. त्याला सुटेना.

वर ठोके चालूच होते. मग त्यांच्यातलं अंतर वाढलं. मग ते हळू झाले, हात दमल्यासारखे.

थप. थप.

तिसरा आलाच नाही.

त्यानंतर सोपानचे ठोके त्या घरात कधी आले नाहीत.

आणि सुनील त्या घरातून कधी बाहेर आला नाही.

हे सगळं त्यानंच मला सांगितलं, २००२ च्या दिवाळीनंतर मी तळेघरला गेलो तेव्हा. झुंबरबाई तोवर वारली होती. सुनील जमिनीवर बसला होता, मान मागं टाकून, तोंड वर करून. श्वास अगदी छोटा छोटा घेत होता. घोडेगावचा डॉक्टर घरी येऊन तपासून गेला होता, छातीत काही दोष नाही म्हणाला. बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं. मी त्याला म्हणालो, "दादा, चल अंगणात बसू."

"कसा येऊ?" तो म्हणाला. "वर कोन वाजवत न्हाई आता."

मी चहा पिऊन उठलो.

साधनावहिनी अंगणात सुपात नाचणी पाखडत होती. खालच्या आवाजात म्हणाली, "भावजी, जाता जाता तेवढा वळचणीच्या कौलावर हात मारून जा. आल्या-गेल्या समद्यांनाच सांगते मी. तीनदा मारा. येकांद्याचा हात लागू पडंल, उठतील."

पाच वर्षं ती हे सांगत होती. मला तिची इतकी दया आली की डोळ्यांत पाणी आलं. भीती तेव्हा नव्हतीच.

पडवीचं छप्पर खाली उतरलेलं, हात सहज पोचत होता. मी तळहात मारला. तीनदा. दारातून सुनील मला दिसत होता. जमिनीवर बसलेला, दोन्ही हात मांडीवर. तो जरासुद्धा हलला नाही.

मी हात काढून घेणार, तेवढ्यात...

थप.

कौलाच्या आतल्या बाजूनं. माझ्या तळहाताच्या अगदी पलीकडे.

सुनील तसाच बसला होता. हात मांडीवरच. फक्त त्याचं तोंड उघडं होतं, वर, कौलांकडे.

थप... थप...

मी हात ओढून घेतला आणि एसटीच्या थांब्याकडे चालायला लागलो. पळालो नाही एवढंच.

"भावजी," वहिनीनं मागून विचारलं, "काय ऐकू आलं का?"

मी नाही म्हणालो.