मिठाचं गाढव

प्रयोगशाळेतल्या खुर्चीत बसून कस्तुरी डोईफोडेनं कपाळावरचा पट्टा चाचपला. बाहेरून मऊ, आतून थंडगार, कानांमागून वळून गेलेले दोन पेड. मेंदूतज्ज्ञ डॉ. फिरोज तांबोळी यांनी सोलापूरच्या पाणीवाटप कंपनीच्या सातव्या मजल्यावर तीन वर्षं खपून तो तयार केला होता. नाव ठेवलं होतं 'दुपेडी'.

"ताई, दिवसभर तुम्ही नेमकं काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"पडद्यावर इशारे येतात. इथं गळती, तिथं दाब. यंत्राला शंका आली की मी बटण दाबायचं. खरा किंवा खोटा. दिवसाला दोन हजार वेळा."

"आणि तेव्हा मन कुठं असतं?"

"गाढवापाशी," कस्तुरी हसून म्हणाली.

सहा वर्षं ती एक संगणकी खेळ रचत होती. उजाड माळ, मिठाची गोणी लादलेलं गाढव, आणि खेळणारा. या गाढवाला हुकूम देता येत नाही. त्याला चुचकारायचं, त्याच्यापाशी गाणं म्हणायचं, कधी नुसतं शेजारी बसून राहायचं. मग त्याची मर्जी झाली की ते चार पावलं टाकतं. पण नऊ तास खरं-खोटं करून घरी आलं की डोक्याचं पिळलेलं फडकं व्हायचं. सहा वर्षांत गाढव पहिल्या ओढ्याशीच उभं होतं.

"जात्यावर बसणाऱ्या बायका आठवा," डॉक्टर म्हणाले. "हात दळतोय, मग ओवी कोण रचतंय? सरावाचं काम मेंदूचा एकच पेड करतो. दुसरा मोकळा असतो. तो भटकतो आणि विरून जातो. हा पट्टा त्याचं भटकणं टिपून कोठीत साठवणार. तुमचा खेळ तो रचेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही."

"मग सांगा की त्याला, गाढव ओढ्यापल्याड घेऊन जा म्हणून."

"सांगून तो ऐकतोय होय! जिथं ठसठसतं तिथंच जातो तो. आणि कोठी मध्येच उघडायची नाही. तो काय करतोय हे तुम्हाला कळलं, की त्याचंही काम होऊन बसतं. मग तो पळ काढतो. शिजत्या भाताचं झाकण काढू नका, ताई."

आठ महिने कस्तुरीनं बटणं दाबली. आठ महिन्यांनी कोठी उघडली, आणि ती खुर्चीतच रडायला लागली. गाढव ओढा ओलांडून गेलं होतं. पुढं सात माळ, तीन घाट, वाटेवर तिच्या आईच्या तोंडच्या ओव्या आणि काही कुणीच न ऐकलेल्या:

*हात माझा खुंट्यावरी, मन गेलं माळापार,*
*पाठीवरल्या मिठाला गं, वाऱ्यानं फुटली धार.*

तिचं सुख तीन दिवस टिकलं.

चौथ्या दिवशी विभागप्रमुख निरंजन खासनीसांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "कस्तुरी, हे तू कामाच्या वेळात केलंस."

"सर, कामात एक चूक दाखवा माझी."

"चुकीचा प्रश्नच नाही गं. तुझं ते दुसरं मन बसलं होतं कुठं? आमच्याच एसीत ना?" ते स्वतःच्याच विनोदावर हसले. "करार वाच. कार्यालयीन वेळेत जे सुचेल ते कंपनीचं."

महिन्याभरात खेळ बाजारात आला. 'संकल्पना आणि निर्मिती: निरंजन खासनीस.' शाळकरी पोरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळे गाढवाला चुचकारू लागले. खासनीस मुलाखती देऊ लागले: "माझ्या आजोळी एक गाढव होतं. मी त्याच्या कानात गायचो..."

कस्तुरीनं ती मुलाखत ऐकली. पुढचीही ऐकली. एकतीस मुलाखती ऐकल्या. जेवताना, चालताना, भाकरी थापताना. तिच्या पोटात निखारा पडला होता आणि ती त्याला फुंकर घालत होती. विसाव्या मुलाखतीला तिच्या ध्यानात आलं, की गोष्टीतला एक शब्दही हलत नाही. तोच उसासा, "कानात गायचो" नंतर तोच पाण्याचा घोट. गोष्ट त्यांच्या तोंडात जात्यासारखी फिरू लागली होती. सरावानं. मग दुसरा पेड?

तिनं डॉक्टरांना विचारलं, "दुपेडीचे नियम खासनीस सरांना ठाऊक आहेत?"

"अहवालात लिहिलेत. पण वाचतो कोण? ते शेवटचं पान बघून सही करतात."

मग कस्तुरी खासनीसांकडे गेली. मान खाली, आवाजात मध. "सर, झालं गेलं सोडून दिलं मी. पट्टा पुन्हा बांधलाय, नवा खेळ होईल कंपनीसाठी. पण दुपेडी लोकांपुढं आणायचा तो तुम्हीच. खेळाचे निर्माते तुम्ही. भर सभेत दुसरा पट्टा बांधून बोला, मागं पडद्यावर तुमचं मन नवा खेळ रचताना लोकांना दिसू दे. कोठीत जमायची वाट कशाला?"

हरभऱ्याच्या झाडावर चढायला खासनीसांना शिडी लागत नसे.

समारंभाच्या सकाळी नाट्यगृह खचाखच भरलं होतं. तिनं पट्टा बांधल्यालाही आठ महिने झाले होते. ती दुसऱ्या रांगेत बसली. खासनीस पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. "माझ्या आजोळी एक गाढव होतं..."

पडद्यावर धूसर आकार हलले. एक खुर्ची. तिच्यात पाठमोरी बाई, कपाळाला पट्टा. तिच्यासमोर दोन बटणं.

"मी त्याच्या कानात गायचो..."

बाईनं बटण दाबलं. खोटा.

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं.

"रात्रंदिवस मी या खेळासाठी..."

खोटा. खोटा.

हसू पसरलं. खासनीसांना वाटलं, रंग भरतोय. त्यांनी हात उंचावले, आवाज चढवला. प्रत्येक "मी"सरशी बाईची मान थोडी थोडी वळत होती. शेवटी तिचं तोंड प्रेक्षकांकडे झालं. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव होतं. लोकांनी पडद्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या रांगेकडे.

"अहो, मागं बघा!" कुणीतरी ओरडलं.

खासनीस वळले. पडद्यावरची कस्तुरी त्यांच्याकडे रोखून पाहत होती. पट्टा ओढून काढताना गाठ अशी आवळली, की ती सुटेपर्यंत आणखी चारदा बटण दाबलं गेलं. कस्तुरीनं ते मोजलं. साखरेसारखं तोंडात घोळवलं.

आठवड्यात खेळावर तिचं नाव आलं. खासनीसांची नोकरी गेली.

"आता नवी कोठी उघडू या," डॉक्टर म्हणाले. "आठ महिन्यांचा साठा आहे, ताई. मागच्याहून मोठा."

झाकण निघालं. माळ उलगडला, केवढातरी! सात नव्हे, सत्तर माळ. पण बांधावर खासनीस उभे होते. घाटात खासनीस होते, पाण्याचा घोट घेत. विहिरीतून त्यांचा उसासा येत होता. झाडाला पानं नव्हती, त्यांचे उंचावलेले हात होते. एकतीस वाटा फुटल्या होत्या आणि प्रत्येक वाट त्यांच्या बुटांपाशी संपत होती. ओवी एकही नव्हती.

"जिथं ठसठसतं..." एवढंच डॉक्टर म्हणाले.

कस्तुरी गाढव शोधू लागली. माळामागून माळ धुंडाळले, हाका मारल्या. गाढव कुठंच नव्हतं.

मिठाची गोणी मात्र होती. ती खेळणाऱ्याच्या पाठीवर होती.