बंद फोल्डरातली चाल

आसेगावच्या थांब्यावर वर्षाराणी एस.टी.तून उतरली, तेव्हा समोर मोटरसायकलवर एक तरुण बसला होता. मांडीवर मृदंग, झोपलेलं लेकरू धरावं तसा अलगद धरलेला.

“ग्रंथालय कुठं आहे हो?”

“आज तिथं कोणी नाही भेटणार. सारं गाव सप्त्यात हाये.” त्यानं वर पाहिलं… आणि पाहतच राहिला. “तुमी… वाशीमच्या सर्व्हरवाल्या मॅडम काय?”

“हो.”

“मंग तुमचीच वाट पाहून राह्यलो! मले वाटलं, कोणी जाडजूड चष्मेवाला बुवा येईन.”

“चष्मा पर्समध्ये आहे. घालू?”

“नका घालू,” तो घाईनं म्हणाला, आणि स्वतःच लाजला.

त्याचं नाव प्रज्वल. कीर्तनकाराच्या मागं उभं राहून अभंगाची चाल धरणारा गावचा गायक. मृदंग मधे घेऊन वर्षाराणी मागं बसली. रस्त्यावर खड्डा आला की मृदंगावर तिची बोटं आपोआप पडत, हलकासा ‘धुम्’ उमटे, आणि आरशात त्याचे डोळे हसत. दोन्हीकडं हरभऱ्याचा आंबूस वास दरवळत होता. रस्ता संपू नये असं तिला उगीचच वाटलं.

“आज आमच्या गावचे जुने कीर्तनकार देवानंद महाराज, त्यायची पुण्यतिथी,” प्रज्वल म्हणाला. “दिवेलागणीच्या कीर्तनात त्यायच्याच चालीत अभंग म्हणायचा शब्द देऊन बसलो मी. पण लहानपणी ऐकलेली चाल… पयली ओळ येते, पुढं सारं धुकं. गावात एकच रेकॉर्डिंग हाये, ते तुमच्या सर्व्हरात. आठ महिने झाले, उघडतच नाही.”

“आणि आज नाहीच उघडलं तर?”

“अर्ध्यावर थांबन सगळ्यायसमोर. त्याचं काही नाही वो. पण चाल गेली ते गेलीच.”

ग्रंथालयात तिनं जुना लिनक्स सर्व्हर सुरू केला. महाराजांच्या कीर्तनांची नावं ओळीनं आली, पण प्रत्येक नावाशेजारी नुसती प्रश्नचिन्हं. उघडायला जावं तर ‘परमिशन डिनाइड’. आधी दुरुस्तीला आलेल्या कुणीतरी वैतागून एकेक फाईल सगळ्यांना मोकळी केली होती, तरी एकही उघडत नव्हती.

“नावं दिसून राह्यली, मंग उघडत काहून नाही?” तो खांद्यावरून वाकला. त्याच्या कपाळावरच्या बुक्क्याचा वास आला, आणि तिचं एक अक्षर चुकलं.

“फोल्डरला वेगवेगळ्या परवानग्या असतात. एकीनं आतली नावं दिसतात, दुसरीनं आत जाता येतं. ती दुसरी कुणीतरी काढून घेतलीय. सगळे फाईलींशीच झटत बसले, फोल्डरकडं कुणी पाहिलंच नाही.” तिनं जुन्या आज्ञांची यादी चाळली. “हे तर ग्रंथालयाचे अध्यक्ष… बबनराव यांच्या नावानं झालंय.”

प्रज्वलनं कपाळावर हात मारला. “काका म्हणतच होते, महाराजांचा आवाज म्हंजे गाभारा, दर्शन बाहेरूनच घ्या! आपल्या नातवाकडून, त्या कॉम्प्युटर शिकलेल्या मुन्नाकडून करून घेतलं असन. तुमाले येते उघडता?”

“एका ओळीत.”

“मंग उघडा ना!”

तिची बोटं कळांवर थांबली. “बबनरावांना विचारायला हवं.”

“कायले?”

“मला इथलं सगळंच उघडता येतं, म्हणून. त्यांनी श्रद्धेनं बंद केलंय ते.”

कीर्तनात एखादं वाक्य काळजाला लागलं की माणूस टाळ वाजवायचं विसरतो… तसा प्रज्वल तिच्याकडं पाहत राहिला.

बबनराव मंडपात वीणेच्या पहाऱ्यावर होते. सप्त्यात वीणा खाली ठेवत नाहीत, आणि गळ्यात वीणा असणारा नामाशिवाय बोलत नाही. प्रज्वलनं त्यांच्या पाया पडून वीणा स्वतःच्या गळ्यात घेतली. आता त्यालाच जागचं हलता येईना!

बबनरावांनी वर्षाराणीचं सारं ऐकून घेतलं. “पोरी, तुले तं उघडता येत होतं न? मंग इतकी चालत कायले आली?”

“तुम्हाला न विचारता कसं उघडू, काका?”

म्हाताऱ्यानं उपरण्यानं डोळे पुसले. “उघड माय. पण तिथंच बसून ऐक. मोबाईलात नेऊ नको. महाराजांचा आवाज रस्त्यानं वाजू नये.”

“नाही नेणार.”

ग्रंथालयात परतून तिनं एक ओळ लिहिली, आणि फोल्डर उघडला. महाराजांचा आवाज रिकाम्या खोलीत भरून आला. तिनं चाल पाच वेळा ऐकली आणि गुणगुणतच निघाली. वाटेत एका बाईनं विचारलं, “कोणाकडची वो तू?” तिनं नुसता हात हलवला… बोलली असती तर चाल सांडली असती.

मंडपात ती प्रज्वलच्या शेजारी उभी राहिली. आजवर ती कुणासमोर गायली नव्हती. अगदी हळू, त्याच्या कानापाशी तिनं चाल म्हटली. त्याला बोलता येत नव्हतं. ओठांवर नाम, बोट तारेवर, आणि डोळे मात्र… तिसऱ्यांदा म्हणताना तिला त्या डोळ्यांकडं पाहवेना.

पहारा बदलताच तो ग्रंथालयाकडं धावला, मूळ चाल ऐकायला.

दिवे लागले, कीर्तन उभं राहिलं. प्रज्वलनं सूर लावला आणि म्हातारी माणसं डोळे मिटून डोलू लागली. चाल पुरी झाली. कुठंही अडली नाही.

कीर्तन संपल्यावर बबनराव म्हणाले, “जमली रे बाबू! पण शेवटच्या वळणावर महाराज खालच्या सुरात उतरत. तू वर काहून गेला?”

वर्षाराणीचे कान तापले. बबनराव प्रसादाकडं वळताच ती पुटपुटली, “माझंच चुकलं. मीच वर गेले होते… पण तुम्ही नंतर रेकॉर्डिंग ऐकलं होतं ना?”

“तीन डाव.”

“मग?”

“महाराजायची चाल आता येते मले. कोणी इचारली तं शिकवीन. पण मले जिनं शिकवली, तिच्यासारखीच म्हणावंशी वाटली. आज… अन् पुढंही. जलमभर. चालन तुमाले?”

तिनं मान खाली घातली. मंडपातले टाळ एकेक करून शांत होत होते.

“म्हणा पुन्हा एकदा,” ती म्हणाली. “शेवटापासून.”

त्यानं हळूच सूर धरला. शेवटच्या वळणावर महाराज जिथं उतरत, तिथं ती दोघं मिळून वर गेली.