बेचाळिसावी सही

वसमतच्या हळद कारखान्यातला कामाचा पहिला दिवस. गेटवर रजिस्टर एक, पेन एक आणि सही करणारे दोघं. करुणाची ओढणी गेटच्या कडीत अडकली. पुढं उभ्या असलेल्या माणसानं ती अलगद सोडवली आणि हातातलं पेन तिच्यापुढं धरलं.

"आधी तुमी."

"काहून? आधी तर तुमी आलात."

"मला घाई न्हाई," प्रेमानंद म्हणाला – आणि लाजून गेटकडं बघत राहिला, जणू गेट ही वस्तू तो पहिल्यांदाच पाहत होता.

करुणाची सही एक्केचाळिसावी, त्याची बेचाळिसावी.

तेव्हा हळदीला भाव होता, म्हणून कंपनीला माणसं कमी पडत होती. दिवाळीनंतर भाव पडला आणि तीच माणसं जास्त झाली. मधल्या काळात जेवणाच्या सुट्टीत तो रोज करुणाच्या डब्यातला ठेचा संपवायचा आणि डोळे पुसत "तिखट न्हाई" म्हणायचा. एवढं एक खोटं सोडलं, तर दोघांत बोलण्यासारखं काही झालं नव्हतं.

"एक माणूस कमी करायचाय," मॅनेजर वैजनाथरावांनी सांगितलं. "शेवटी आला तो आधी जाणार. नंबर बेचाळीस."

करुणा थेट केबिनमध्ये शिरली. "साहेब, रजिस्टर चुकलंय. आधी हे आले व्हते. शेवटची मी!"

"पुरावा?"

"मी आले तवा हे लिंबाखाली भांग पाडून राहिले व्हते. पिस्ता शर्ट. वरचं बटन तुटलेलं…"

साहेबांनी चष्मा काढला. "आठ महिन्यांपूर्वीचं बटन?"

करुणाचे कान तापले. तेवढ्यात दारातून प्रेमानंद म्हणाला, "न्हाई साहेब, ह्याच आधी! जांभळी ओढणी व्हती. बारीक टिकल्यांची. एक टिकली… अजून हाय माझ्याकडं."

साहेबांनी चष्मा पुन्हा घातला. नोकरी टिकवायला भांडणारे त्यांनी खूप पाहिले होते. घालवायला भांडणारे हे पहिलेच. पण नियम तो नियम. प्रेमानंदचं नाव कटलं.

गेटवर करुणानं त्याला गाठलं. "काहून खोटं बोललात?"

"तुमी गेलेलं मला बघवलं नसतं."

"आन् तुमी गेलेलं मला बघवंल?" तिनं पहिल्या दिवशी कडीत अडकलेल्या त्याच ओढणीच्या टोकानं डोळे टिपले. "हळद गेली डोळ्यात."

"मंग… थांबाल? भाव चढंस्तोवर?"

"भाव चढो न चढो," करुणा म्हणाली.

फाल्गुनात भाव चढला. ज्या कंपनीला प्रेमानंद जास्त झाला होता, तिनं एका सकाळी त्याला तीन फोन केले.

"येतो साहेब, पण परवा. उद्या सुट्टी पायजे."

"कामावर लागायच्या आधीच सुट्टी?"

"लग्नाची नोंदणी हाय."

दुसऱ्या दिवशी कचेरीत पुन्हा रजिस्टर एक, पेन एक.

"आधी तुमी," प्रेमानंद म्हणाला.

करुणानं पेन त्याच्याकडं सरकवलं. "न्हाई. शेवटच्याला काढायची पद्धत असंल, तर ह्या वेळी शेवटची मी."

कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "इथं कुणालाच काढत नाहीत, बाई. सही करा, मागं रांग आहे."