समोरनं एक

वडूजच्या पेठेत इंद्रजितचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो, ते सगळं पोटासाठी. स्वतःसाठी म्हणून तो रविवारी माणच्या माळावर मेंढरांमागं हिंडायचा आणि धनगरांचे पाठमोरे फोटो काढायचा. खांद्यावरची घोंगडी, मानेच्या सुरकुत्या, पुढं धुरळा. साताऱ्याच्या प्रदर्शनात जाणकार म्हणाले, "ही खरी तुमची शैली!" गडी फुगला.

शैली कसली डोंबलाची! समोरून काढायचा तर आधी विचारावं लागतं, डोळ्याला डोळा द्यावा लागतो. त्याचीच त्याला भीड. त्या धनगरांतला सिद्धू मात्र दर वेळी वळून म्हणायचा, "गड्या, समोरनं बी एक काढ की. भिंतीवर लावाय पायजे." हा म्हणायचा, "पुढच्या रविवारी नक्की." अशी तीन वर्षं गेली.

मग एके दिवशी सिद्धूची बायको धोंडुबाई स्टुडिओत आली. कपाळ मोकळं.

"धनी गेलं. तू लय फोटू काढलंस न्हवं त्यांचं? तोंडाचा एक दे बाबा. आधार कार्डावरचा वळखू बी येत न्हाई."

इंद्रजितनं सगळे फोटो उघडले. चारशे बारा. एकदा सिद्धू वळून बोलत असताना चुकून बटण दाबलं गेलं होतं, हे त्याला स्वच्छ आठवत होतं. त्या फोटोतही पाठच होती.

"सापडला की आणून देतो, मावशी," असं खोटंच बोलून त्यानं तिला वाटेला लावलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. आठ दिवस घास गोड लागला नाही. शेवटी खरं सांगून टाकू म्हणून प्रदर्शनातला मोठा फोटो घेऊन तो भर दुपारी वस्तीवर गेला.

धोंडुबाईनं फोटो बघितला, खिळ्याला अडकवला, हार घातला.

"तोंड न्हाई व्हय यात?"

"नाही, मावशी. मी कधी काढलाच नाही. चुकलं माझं."

"आसूदे. तिकडं बघत्यात. कवा वळायचं तवा वळत्याल."

त्याला वर बघवेना. "निदान तुमचा काढतो. समोरनं."

ती फोटोखाली त्याच्याकडं तोंड करून बसली. त्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं आणि बटण दाबलं.

स्क्रीनवर धोंडुबाईची पाठ होती. पदर, अंबाडा. जुना फोटो आला असेल म्हणून त्यानं वेळ बघितली. आत्ताचीच. पुन्हा काढला. पुन्हा पाठ. ती समोर बसून त्याच्याकडंच बघत होती, तसूभरही हलली नव्हती.

आणि स्क्रीनवर, तिच्या डोक्याच्या वर, चौकटीत सिद्धूचं तोंड होतं. मिशा, उललेले ओठ, नजर सरळ.

इंद्रजितनं मान वर केली. भिंतीवर पाठच होती.

"दाव की."

दाखवू नये असं वाटलं. पण तिनं मागितला होता तो हाच. त्यानं कॅमेरा पुढं केला.

तिनं सिद्धूच्या गालावर बोट ठेवलं. "ह्येच की धनी." डोळे भरून आले.

मग बोट थांबलं.

"पर आसं ते कवा कुणाकडं बघत न्हवतं."

तिनं कॅमेरा हळूच पालथा ठेवला आणि पदराला बोट पुसलं.