यूडोरा मावशीची गादी

आधी ते मोबाईल खिशात घाला. अर्धी गोष्ट ऐकायची आणि मग एकट्याने घरी जायला घाबरायचं, हे धंदे मला माहीत आहेत तुमचे. हे आपल्या लेस्टेर गावच्या लिंडबर्टवर गुदरलेलं आहे. गेल्या वर्षी, ईस्टरनंतरच्या पहिल्या शुक्रवारी.

दुपारी लिंडबर्ट बंदरावर गेला तो यूडोरा मावशीचा दगड आणायला. म्हातारीला जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि कबरीवर दगड बसवून गावजेवण घातल्याशिवाय आपल्याकडे मेलेलं माणूस पुरतं जात नाही. दगड टेम्पोतून तिच्याच घरी आणला. चौघांनी तो रीतीप्रमाणे तिच्या पलंगावर निजवला, वर पांढरी चादर घातली. एक रात्र दगडाने घरात झोपायचं, सकाळी कबरीवर जायचं. त्यावर कोरलं होतं, ‘यूडोरा. साऱ्या गावाची लाडकी मावशी.’

आता लिंडबर्ट पडला निवृत्त मास्तर. बेटावरच्या म्हाताऱ्यांच्या आयुष्याच्या हकिकती तो चर्चच्या पुस्तकासाठी लिहून घ्यायचा. कुणी जहाजं बांधली, कुणी त्रिनिदादला तेलाच्या विहिरींवर राबलं. यूडोरा मावशीकडे तो सगळ्यांत शेवटी गेला. ती तेव्हा एक्याण्णवची. शिवणयंत्रावरचा हात न थांबवता तिने सांगितलं, की सतराव्या वर्षी तिला जहाजवाल्या एनो तांडेलापासून मुलगा झाला. तांडेलाच्या बायकोची कूस उजवली नव्हती. बाळ आठ दिवसांचं असताना ती आली आणि घेऊन गेली. तो मुलगा तांडेलाचा वारस म्हणून वाढला, त्याचं लग्न झालं, पुढे तो पोराला मागे ठेवून इंग्लंडला गेला आणि तिकडेच मातीआड झाला, ना दगड, ना गावजेवण. मागे ठेवलेलं ते पोर म्हणजे लिंडबर्ट.

“म्हणजे मी तुझी आजी,” म्हातारी म्हणाली. “जिवंतपणी नको म्हणूस, लोक हसतील तुला. माझ्या दगडाला पाणी घालशील ना, तेव्हा एकदा म्हण.”

त्याने मान डोलावली. घरी आला आणि पुस्तकात लिहिलं, ‘अविवाहित. शिवणकाम करी. मूलबाळ नाही.’ भिंतीवर तांडेलाचा एवढा मोठा फोटो, आणि आपण कपडे शिवणाऱ्या बाईचे नातू? लाज वाटली त्याला तिची. पुस्तक छापून आलं तेव्हा म्हातारीने आपलं पान बोट फिरवत वाचलं, मिटून ठेवलं. त्यानंतर मात्र लिंडबर्टला स्वतःचीच लाज वाटायला लागली, ती काही केल्या जाईना.

तर त्या शुक्रवारी संध्याकाळी अंगणात ढोल लागले. लिंडबर्टने उंबऱ्याशी आधी पाणी आणि मग रम शिंपडली. आता मेलेल्याला हाक मारायची, आणि ती आपलं जे खरं नातं असेल त्याच नात्याने. सगळं गाव कान देऊन उभं. त्याने तोंड उघडलं.

“यूडोरा मावशी, ये. जेवून जा.”

म्हणाला आणि मान खाली घातली. शेजारची ऑटली म्हातारी, यूडोराची जिवाभावाची मैत्रीण, त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

मेलेल्यांचं बिनमिठाचं ताट दगडाच्या खोलीत ठेवून दार लोटून घेतलं. लिंडबर्ट बाहेर खुर्चीत राखणीला बसला. ढोल थांबले. लोक पांगले. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी आत पलंग करकरला.

एकदाच. माणूस कूस बदलतं तसा.

मांजर असेल, तो म्हणाला. उठला. दाराला कान लावला. आत कुणीतरी गुणगुणत होतं... हलक्या आवाजात. शब्द नव्हते. आणि त्याच्या मधे मधे... चुटुक... चुटुक...

तान्हं मूल अंगावर पितं ना. तसा आवाज.

एक शब्द म्हटला की झालं, हे त्याला कळत होतं. “आ...” जीभ टाळ्याला चिकटली. भीतीने नाही रे. तो म्हणतो, दाराआड कुणी माणूस नव्हतं, तरी लाज वाटली.

गुणगुणणं थांबलं.

वाट बघितल्यासारखं.

मग... काहीच नाही.

सकाळी तेच चौघे आले. चादरीसकट दगड उचलला, आणि तसेच धरून उभे राहिले. दगड सपाट, चौकोनी. गादी सावरीच्या कापसाची. खड्डा चौकोनी पडायला हवा होता. पडला होता बाईचा. कुशीवर निजलेली, गुडघे दुमडलेले. तिच्या छातीशी अजून एक खड्डा होता, हातभरसुद्धा नाही.

ऑटली काठी टेकत पुढे आली.

“लिंडबर्ट, हे लहान कोण रे?”

दारात गाव उभं. चौघांचे हात भरून आलेले, पण दगड कुणी खाली ठेवेना. लिंडबर्ट गादीशी वाकला.

“माझा बाप,” तो म्हणाला. “आणि ही माझी आजी. मी पुस्तकात खोटं लिहिलं.”

कुणी हसलं नाही. कबरीवर त्याने पुन्हा पाणी घातलं, आजी म्हणून हाक मारली, आणि साठीला आलेला तो माणूस पोरासारखा रडला.

गादी अंगणात उन्हात टाकली, काठीने झोडपली. बाईचा खड्डा दोन दिवसांत भरून आला. लहान काही जाईना. गादी उलटली तर खालच्या बाजूलाही तो होता. लिंडबर्टने ती आपल्या घरी नेली, कापूस बदलला, खोळ बदलली. काल त्याच्याकडे गेलो होतो, मुद्दाम चादर उचलून बघितली.

आहे अजून.