विकत घेतलेलं गाणं

लिलिस एका वेबसाइटसाठी तुलना लिहायची. आधी पंखे, मग राइस कुकर, आणि या वेळी गाणी: ऑनलाइन दुकानातून विकत घ्यावीत, की महिन्याची वर्गणी भरून ऐकावीत? बांडुंगमधल्या एका गाड्यावर ती बजिगुर, म्हणजे नारळाच्या दुधाचं गरम गोड पेय, पीत बसली होती. शेजारी गिटार मांडीवर आडवी टाकलेला एक जण मोबाइलवर तिचाच लेख वाचत होता.

“कोण बाई आहे कुणास ठाऊक,” तो म्हणाला, “पण खरं लिहिते. ऐका. ‘वर्गणी म्हणजे भाड्याचं घर. त्यातली फोनवर उतरवलेली गाणीसुद्धा तुमची नसतात. विकत घेतलेलं एकच गाणं… पण ते तुमचं.’”

“मीच आहे ती. आणि ‘बाई’ म्हणण्याएवढी मोठी नाही.”

त्याने वर पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. त्याचं बजिगुर निवलं.

त्याचं नाव गुमिलार. सकाळी मावशीच्या बातागोरसाठी, म्हणजे माशांच्या तळलेल्या वड्यांसाठी, मासे वाटून द्यायचा, उरलेल्या वेळात गाणी करायचा. त्यातलं एक दोन्हीकडे होतं, दुकानातही आणि वर्गणीवाल्यांकडेही.

“मग मी विकत घेते,” लिलिस ऐटीत म्हणाली.

पुढच्या भेटीत त्याने विचारलं, “घेतलंत?”

“म्हणजे काय… त्याच दिवशी.”

घेतलं नव्हतं. भावोजींनी घरच्यांसाठी वर्गणी भरली होती, त्यात ते गाणं आयतं सापडलं. तिने तेच फोनवर उतरवलं आणि बसमध्ये, अंघोळीला, ऑफिसात बॉस बोलत असताना ऐकलं. आता विकत घ्यावं, तर त्याला विक्री आजची दिसणार. खोट्याची हीच गंमत… ते नंतर खरं करायचीही सोय राहत नाही. ‘अहो’चं ‘अरे’ झालं, तो तिच्या ताटलीतले बातागोर न विचारता उचलू लागला, आणि तिची लाज तेवढी जागच्या जागी राहिली.

मग गुमिलारच्या एनोक मावशीने बातागोरचं नवं दुकान काढलं. शेजारपाजार जमला. मावशीने लिलिसला पुढे ओढलं.

“नेंग, पोरी, याचं गाणं लाव गं तुझ्या फोनवरून. माझ्या फोनवर घरपोच ऑर्डरी येतायत.”

स्पीकर जोडला. लिलिसने गाण्याच्या नावावर बोट ठेवलं. नाव फिकट, राखाडी. तिने पुन्हा दाबलं. ‘हे गाणं आता उपलब्ध नाही.’

“काल मी वर्गणीवाल्यांकडून काढून घेतलं,” गुमिलार हळूच म्हणाला. “तुझा लेख पटला म्हणून. ज्यांनी विकत घेतलं त्यांच्याकडे… राहतं ना?”

लिलिसच्या कानांच्या पाळ्या तापल्या. स्वतःचंच वाक्य एवढं खरं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

“काय झालं गं?” मावशी ओरडली. “तू तर विकत घेतलंयस.”

“नाही घेतलं, मावशी,” ती म्हणाली. सगळ्यांसमोर. “खोटं बोलले.”

कुणीतरी खोकलं. ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि सिलेंडरांशेजारी उभी राहिली. गुमिलार गिटार घेऊन मागे आला.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. दोनदाच विकलं गेलंय ते. एकदा मावशीने घेतलं.”

“आणि दुसऱ्यांदा?”

तो गिटारची खुंटी पिळत बसला. तार आधीच सुरात होती. “मी. चालतंय का बघायला.”

लिलिसला हसू आलं, पण लाज इतकी होती की ते अर्ध्यावरच राहिलं. “मग बोलला का नाहीस?”

“माझ्या गाण्यासाठी कुणी खोटंसुद्धा बोललं नव्हतं आजवर. बरं वाटत होतं.” त्याने पुन्हा खुंटी पिळली. “फक्त… ऐकलं तरी होतंस का? तेवढं खरं सांग.”

ती सरळ गायला लागली. आवाज बेसूर, पण शब्दन् शब्द पाठ. शेवटच्या कडव्याआधी तो जिथे श्वास घ्यायचा, तिथे तिनेही घेतला. गिटारवरची त्याची बोटं थांबली. आत मावशीच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, मांजर अडकलंय वाटतं कुठेतरी.

“हे उतरवून घेता येईल?” त्याने विचारलं.

“नाही.” ती जमिनीकडे बघत म्हणाली. “विकतही मिळत नाही. वर्गणीच आहे.”

“महिन्याची?”

“रोजची… आणि रोज इथे यावं लागेल.”

“लेखात तर उलटं लिहिलंयस.”

“लेख बदलीन,” लिलिस म्हणाली, आणि पहिल्यांदाच मान वर केली.